साबणवाल्या बसव्वा

बसव्वांबद्दल मी लिहावं, हे खरं तर शोभत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर अंगठ्याशिवाय काही उमटवलेलं नाही, त्यामुळं लिहिण्याची रीत मला ठाऊक नाही. शिवाय ज्या माणसाचं आपल्या तोंडून नुकसान झालं, त्याच्याबद्दल चांगलं लिहायला आपणच बसावं, हेही मला बरं वाटत नाही. चार-पाच वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला. आता लिहितोच आहे, तर चुकेल तिथं वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावं.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, तामलवाडीपासून दोन कोसांवर. सोलापूर जवळ, पण सरहद्दीपलीकडं. आम्ही निजामाच्या राज्यात. मधे करोडगिरीचा नाका लागायचा. पलीकडून येणारा माल तिथं तपासला जाई आणि उर्दूत लिहिलेली पावती हातात पडे. ती वाचता येणारं गावात कुणी नव्हतं. लोक पावती पागोट्यात खोचायचे आणि विसरून जायचे.

बसव्वांचं घर गावाच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला होतं. त्या आळंदकडच्या, लग्न होऊन आमच्या गावी आलेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरी तेलाचा घाणा होता आणि तळाला उरलेल्या तेलाचा साबण त्यांची आई करायची. तेवढं एक हुन्नर घेऊन त्या आल्या आणि त्यावरच राहिल्या. लिंगायत बाई, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय चूल पेटायची नाही. अंगानं किरकोळ, पण कढईतला साबण ढवळून ढवळून मनगटं पैलवानासारखी झालेली.

समोर आलेल्या माणसाचं तोंड त्या आधी बघत नसत. हात बघत. आपण काही बोलायच्या आत आपला पंजा धरून उलटा करत, बोटांच्या बेचक्यांतून नजर फिरवत आणि मग मान वर करत. आमच्या वडिलांना एकदा म्हणाल्या, "भाऊ, मोटंचा नाडा बदला. नव्या नाड्यानं हात सोलत्यात, तसं दिसतंय. साबण देऊन काय करू?" नाडा वडिलांनी आदल्याच दिवशी बदलला होता. माझा हात बघून त्या परीक्षा जवळ आली की नाही, ते सांगायच्या. शाई किती वर चढली आहे, त्यावरून.

त्यांचा साबण साधा होता. करडईचं तेल, थोडं करंजीचं, आणि फेस यावा म्हणून खोबरेल. सज्जीखार आणि चुना पाण्यात भिजवून ठेवायचा, वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं. ते पाणी नीट जमलं आहे की नाही हे कळायला दुसरीकडं म्हणे त्यात अंडं सोडून पाहतात, तरंगलं तर ठीक. बसव्वांना अंडं चालायचं नाही. त्या लहानसा बटाटा सोडत. त्यासाठी एक बटाटा कोनाड्यात कायम असायचा, आणि कधी कुणी पाव्हणी भाजीला काही आहे का म्हणून घरात शोधू लागली, तर बसव्वा म्हणायच्या, "त्याला हात लावू नगा, तो नोकरीवर हाय."

मग तेल तापवून त्यात ते पाणी थोडं थोडं घालत दोन प्रहर ढवळायचं, मीठ टाकायचं, साबण वर आला की लाकडी साच्यात ओतायचा आणि दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या. वडीवर नाव नाही, चित्र नाही. ओली असताना प्रत्येक वडीवर अंगठा दाबायच्या, तेवढीच खूण. पुढं महिनाभर वड्या फळीवर वाळत. कुणी लवकर मागितली तर देत नसत. "अजून रागात हाय ती," म्हणायच्या. "चामडीला चावंल."

नवी वडी हवी असेल तर जुन्या वडीची चीप आणून दाखवावी लागे. चीप जास्त जाड असली, तर परत पाठवत. लवकर संपली असेल, तर चौकशी करत: "वडी पाण्यात ठेवतीस काय? ती काय म्हैस हाय डुंबायला?" साठलेल्या चिपा वितळवून त्यांच्या लहान गोळ्या करत आणि शाळेत देऊन टाकत. साबण किती लावायचा, किती वेळा लावायचा, काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. गावात निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटे, साकु हे साबणाचं नाव. शेजारच्या गावची माणसं येऊन बिनदिक्कत विचारायची, "साकूची वडी हाय का?"

आमच्या गावात कानडीचं असंच होतं. सरहद्द जवळ, म्हणून शब्द सगळ्यांच्या कानावर असायचे, पण भाषा कुणालाच नीट येत नव्हती. लिंगायतांच्या घरांतसुद्धा कानडी देवापुरती उरली होती. बसव्वा मोजताना, बैलावर ओरडताना आणि स्वतःशी बोलताना कानडीत बोलत. बोलायला समोर माणूस मात्र नव्हतं.

माझी धाकटी बहीण झाली तेव्हाची गोष्ट. आईनं मोठ्या हौसेनं पहिल्या अंघोळीसाठी वडी मागितली. बसव्वांनी दिली नाही.

"सा म्हैनं साबण न्हाय लावायचा."

"आवं, मऊ साबण हाय की तुमचा. तुमीच म्हणता."

"मऊ तुमास्नी. तिला न्हाय. मसुरीचं पीठ घ्या, दुधाची साय घ्या, आन् कवळं ऊन दावा. ते काय म्या इकत न्हाय, म्हणून आठवत न्हाय व्हय तुमाला?"

आई सांगायची की, स्वतःचा माल नको म्हणणारी दुकानदारीण तिनं जन्मात एकच पाहिली.

आणखी एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. ईट गावाकडची एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आली. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस, मान खाली घालून बसलेली. आईचं म्हणणं, पंधरा दिवसांनी पाहायला येणार आहेत, तोवर पोरगी उजळली पाहिजे. बसव्वांनी मुलीचा हात उलटा केला, पाहिला.

"सोयपाक करतीस?"

मुलीनं मान हलवली.

"चुन्याचं काम?"

"घर सारवलं परवा," मुलगी म्हणाली. "चुना बी दिला."

"म्हणून फुटलेत हात." मग आईकडं वळून म्हणाल्या, "बाई, साबण मळ काढतो. रंग मळ न्हाय. रंग तिच्या बापाचा हाय, त्यो म्या काढला तर त्यो कोर्टात जाईल माझ्यावर."

बाई चिडली. सोलापुरात तसला साबण मिळतो, वर गोऱ्या बाईचं चित्र असतं, म्हणाली. बसव्वा म्हणाल्या, "मग ते चित्रच दावा की पाव्हण्यांना." मुलगी पदराआड हसली. मी तिथं होतो, मीही हसलो. बसव्वांनी तिच्या हातांसाठी करंजीच्या तेलाची एक कुपी दिली आणि रोज जेवण झाल्यावर चोळायला सांगितलं. त्या मुलीचं पुढं काय झालं, ते मला ठाऊक नाही.

मी हैदराबादेला कॉलेजात गेलो, याचा बसव्वांना माझ्या आईपेक्षा जास्त अभिमान होता, असं मला कधी कधी वाटे. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. मला त्या 'तम्मा' म्हणत. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. कॉलेजात गेल्यापासून चारचौघांत मुद्दाम 'कॉलेजवाले' म्हणू लागल्या.

त्या हिवाळ्यात मी आठ दिवसांसाठी घरी आलो होतो. पुढं निजामाच्या राज्यात लुटालुटीची, जाळपोळीची जी गडबड झाली, ती अजून आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती. पुसातली थंडी होती. सकाळी आठ-नऊचा सुमार, पारावर माणसं ऊन खात बसली होती. बसव्वा सोलापूरहून तेलाचा डबा घेऊन आल्या. डबा संगाप्पा अण्णांच्या गाडीतून आला होता. संगाप्पा अण्णा लिंगायतांमधले वडीलधारे, वागायला सरळ, सोवळ्याओवळ्याला कडक. बसव्वांच्या साबणाचे ते पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक.

बसव्वा खुशीत होत्या. "नाक्यावर नवा कारकून आलाय," त्या सांगू लागल्या. "मला कानडीत इचारलं, अव्वा, डब्यात काय हाय? लई दिसांनी कुणी तसं बोललं. म्या बी कानडीतच सांगितलं मग." आणि मला बघून त्यांनी कनवटीची पावती काढली.

"कॉलेजवाले, हिकडं ये. लोक म्हणत्यात, पोरगं हैद्राबादला जाऊन नुसता भांग पाडायला शिकलं. वाच बघू ह्ये. ऐकू दे समद्यास्नी."

मी पावती घेतली. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. मी घसा साफ केला आणि हैदराबादी ढंगात मोठ्यानं वाचलं: "एक अदद डबा. चरबी."

पारावरचं बोलणं थांबलं. मला तेव्हाही काही कळलं नाही. मला वाटलं, माझं वाचन ऐकून थांबलं.

"परत वाच," संगाप्पा अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं. या वेळी जास्त स्पष्ट.

बसव्वांनी माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. "चरबी कशाची? कोब्बरी हाय ती. म्या त्याला कोब्बरी म्हणून सांगितलं."

पारावर एक जण होता, त्याची सासुरवाडी अक्कलकोटच्या बाजूची. तो म्हणाला, "अण्णा, कोब्बु म्हंजी चरबीच की. सासुरवाडीला म्हणत्यात तसं."

"कोब्बु न्हवं रे. कोब्बरी. खोबरं. खोबऱ्याचं त्याल."

"आदी एक सांगायचं, मग एक," मागून एक जण म्हणाला.

"आन् सरकारी कागुद खोटं बोलतो व्हय?" आणखी कुणी म्हणालं.

बसव्वांनी वाद घातला नाही. डबा खाली घेतला आणि झाकण काढलं. आत पांढरंशुभ्र गोठलेलं होतं. थंडीत खोबरेल गोठतं, हे कुणाला माहीत नाही? पण आमच्याकडं ते बोटाएवढ्या बाटलीत पाहिलेलं. डबाभर पांढरा गोळा पाहिल्यावर माणसं मागं सरली.

"वास घ्या," बसव्वा म्हणाल्या. "संगाप्पा अण्णा, तुमी घ्या."

अण्णांनी तोंड फिरवलं. आता विचार केला की, त्यांचंही कळतं. ज्यात चरबी असल्याचा संशय आहे, त्याला जन्मभर माळकऱ्यासारखं राहिलेला माणूस नाक कसं लावणार? खात्री करून घ्यायलाच ते घाबरत होते. वीस वर्षं तोच साबण त्यांच्या अंगाला, त्यांच्या पूजेआधीच्या अंघोळीला लागला होता.

पण मला काय झालं होतं? आमच्या घरात मटण शिजतं. मला कानडी येत नव्हती, पण नाक होतं. दोन पावलं पुढं जाऊन वाकलो असतो, तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी पावती हातात धरून उभा राहिलो. माझ्या डोक्यात एवढंच होतं की, मी चुकीचं वाचलेलं नाही.

बसव्वांनी झाकण लावलं, डबा डोक्यावर घेतला आणि त्या निघून गेल्या.

दुपारपासून त्यांच्या ओट्याच्या कडेला वड्या दिसू लागल्या. अर्ध्या झिजलेल्या, काही कोऱ्या. लोक येत, ठेवत आणि जात. लिंगायतांच्या विहिरीवर त्यांच्या घागरीला कुणी हात लावेना. एका घरी जंगमाचं जेवण होतं, तिथलं बोलावणं परत घेतलं गेलं. बसव्वांनी तो डबा ओट्यावर आणून उघडा ठेवला. सकाळी तो गोठायचा, दुपारच्या उन्हात वितळायचा. चढत्या उन्हात खोबऱ्याचा वास त्या गल्लीत पसरला असणारच. पण लोक ती गल्ली टाळून दुसऱ्या वाटेनं ओढ्यावर जाऊ लागले.

आईनं मला जेवताना विचारलं, "तू खरंच तसं वाचलंस?"

"तसंच लिहिलं होतं आई."

"म्या वडी परत न्हाय केली," ती म्हणाली. "पण आपण ठेवून काय. तिला तिच्याच माणसांनी जवळ केलं पायजे. तू वाचलंस, आता तूच काय ते निस्तर."

मला निस्तरता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला परत निघालो. गाडी त्यांच्या गल्लीवरून जात होती. बसव्वा डब्याजवळ बसल्या होत्या. मी उतरलो. त्यांनी नेहमीसारखा माझा हात उलटा केला.

"थंडीनं फुटलाय," म्हणाल्या, आणि आत जाऊन एक वडी घेऊन आल्या. "घे. तिकडं कोण बघणारं हाय?"

"बसव्वा, मी..."

"वाचलंस ते बराबरच वाचलंस, तम्मा. लिवलं होतं तेच वाचलंस." मग गाडीवानाला हाक मारली, "चल रे, उशीर व्हतोय त्याला."

मागं वळून पाहिलं तेव्हा त्या डब्यात पडलेलं एक वाळकं पान काढत होत्या. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.

वडी मी पेटीत तळाला ठेवली. वसतिगृहात माझ्या खोलीत रायचूरकडचा एक मुलगा होता, वीरेश नावाचा. त्याची मातृभाषा कानडी. एकदा त्याचा साबण संपला, म्हणून मी बसव्वांची वडी काढून दिली. त्यानं ती नाकाला लावली आणि खुशीत म्हणाला, "आहा, कोब्बरी."

मी त्याला विचारलं, "काय म्हणालास?"

"कोब्बरी. खोबरं. आमच्या घरचा वास आला."

"आणि चरबीला काय म्हणतात?"

"कोब्बु. का रे?"

मी त्याला ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. त्याला वाटलं, मी थट्टा करतो आहे. पहिलं अर्ध एकच. अर्धवट कानडी येणाऱ्या कारकुनानं अर्धाच शब्द ऐकला, त्याचं उर्दू करून लिहिलं, आणि मी ते शुद्ध उच्चारात गावाला ऐकवलं.

त्याच दिवशी मी गावच्या शाळेच्या मास्तरांना पत्र लिहिलं. गावात मराठी नीट वाचणारे तेवढेच. दोन्ही शब्द ठळक अक्षरांत लिहिले, काय झालं ते सगळं लिहिलं आणि हे पारावर वाचून दाखवा, अशी विनंती केली. उत्तर आलं नाही. होळीनंतर दुसरं पत्र टाकलं. तोवर गडबड वाढली होती. रस्ते बंद, टपालाचा भरवसा नाही. वडिलांचा एका माणसाकरवी निरोप आला, घरी येऊ नकोस, आम्ही सरहद्दीपलीकडं जातो आहोत. त्यानंतर काहीच नाही. तो उन्हाळा आणि पावसाळा मी हैदराबादेतच काढला. घरच्यांची काळजी होतीच. पण संध्याकाळी हात धुताना हमखास बसव्वा आठवत. त्यांच्या ओट्यावर अजून वड्या येऊन पडत असतील का, असं वाटे.

निजामी संपली. आणखी काही आठवड्यांनी मास्तरांचं पत्र आलं. चार पानी, बारीक अक्षरात.

घरची सगळी सुखरूप होती. माझं पहिलं पत्र मास्तरांना गावी परतल्यावर, तब्बल आठ-नऊ महिन्यांनी मिळालं. दुसरं मिळालंच नाही. पण मास्तरांनी लिहिलं होतं की, माझ्या पत्राची वाट पाहत कुणी थांबलं नव्हतं. गावानं सरहद्द ओलांडली तेव्हा लोकांनी गाडीत भांडी घेतली, धान्य घेतलं. बसव्वांनी कढई घेतली. सोलापूरच्या बाजूला छावणीत सगळे पाल ठोकून राहिले. पावसाळ्यात मुलांमध्ये खरूज पसरली, बोटांच्या बेचक्यांतून सुरू होऊन अंगभर. बसव्वांनी करंजीच्या बिया गोळा केल्या, कुठूनसं खोबरेल मिळवलं आणि छावणीच्या कडेला तीन दगडांवर कढई चढवली. माझी आई लाकडं द्यायला जात असे.

सगळ्यांच्या आधी संगाप्पा अण्णाच आले. खांद्यावर नातू, रडून थकलेला. बसव्वांनी पोराचा हात उलटा करून पाहिला. मग वाळलेल्या वडीचा एक तुकडा उचलून अण्णांसमोर धरला.

"आदी वास घ्या, अण्णा. मग लावू."

मास्तर तिथं होते. त्यांनी लिहिलं आहे की, अण्णा वाकले आणि त्यांनी वास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते म्हणाले, "बसव्वा, चुकलो." बसव्वा म्हणाल्या, "पोराला उन्हात धरा." त्या दिवसापासून जो येईल त्याला आधी वास घ्यावा लागे, लेकुरवाळ्या बायकांनासुद्धा. छावणीचे डॉक्टर आले, त्यांनाही सुटका नव्हती. डॉक्टरांनी मलम दिलं, बसव्वांनी धुतलं, आणि दसऱ्यापर्यंत मुलं खेळायला लागली.

आता गाव परत वसलं आहे. लिंगायतांच्या विहिरीवर संगाप्पा अण्णांची सून स्वतः बसव्वांची घागर भरून देते.

माझं पत्र मास्तरांनी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की, पोराला तिकडं खायला नीट मिळतं का.

आणि शेवटच्या पानावर मास्तरांनी लिहिलं होतं: "कळवण्यास आनंद वाटतो की, बसव्वा गेल्या सोमवारपासून शाळेत येऊ लागल्या आहेत. मुलं सुटल्यावर तासभर बसतात, पाटी स्वतःची आणतात. मी रीतीप्रमाणं 'क'पासून सुरुवात करणार होतो. त्या म्हणाल्या, मास्तर, क नंतर शिकते. मला आधी खोबऱ्याचा ख दाखवा."